कंत्राटदार जोतीराव आणि दगडाची धूळ

दरवर्षी ३ जानेवारीला महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून गाड्या नायगावला लागतात. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे हे जन्मगाव सातारा जिल्ह्याच्या खंडाळा तालुक्यात आहे. पुण्याकडून येणारा माणूस कात्रज ओलांडतो, नीरा नदी पार करून शिरवळला येतो आणि तेथून नायगावची वाट धरतो. महामार्गाने सरळ पुढे गेले की खंडाळा आणि त्यापुढे खंबाटकीचा घाट. या घाटाच्या पोटात एक बोगदा आधीपासून होता. अलीकडच्या वर्षांत त्याच डोंगरात प्रत्येकी तीन मार्गिकांचे आणखी दोन बोगदे खोदण्यात आले. रस्ता झाला की आम्ही त्याचे कौतुक करतो, किती मिनिटे वाचली याचा हिशेब मांडतो. ज्या हातांनी दगड फोडला आणि ज्यांच्या नाकातोंडात त्या दगडाची धूळ गेली, त्यांचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही.

हा हिशेब मागण्याची परंपरा आमच्याकडे आहे आणि ती राष्ट्रपिता जोतीराव फुले यांच्यापासून सुरू होते. जोतीराव मुलींच्या शाळेचे संस्थापक होते, सत्यशोधक समाजाचे प्रणेते होते, ग्रंथकार होते. हे आमच्या घरातील शाळकरी पोरगेसुद्धा सांगेल. पण जोतीराव कंत्राटदार होते, दगड, चुना आणि मजूर यांच्या व्यवहारात त्यांनी आयुष्याची काही वर्षे घालवली, हे भाषणांतून फारसे सांगितले जात नाही. दगडाच्या धुळीने मरणाऱ्या मजुराचा प्रश्न आज समजून घ्यायचा असेल तर जोतीरावांच्या चरित्राचे नेमके हेच पान उघडले पाहिजे.

फुले घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील. खटाव तालुक्यातील कटगुण हे त्यांचे गाव आणि गोऱ्हे हे मूळ आडनाव. आजोबा शेटीबा यांच्या काळात कुटुंब पुण्याकडे सरकले आणि पेशव्यांच्या दरबारी फुले पुरवण्याच्या व्यवसायावरून फुले हे नाव पडले. जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ चा. आई चिमणाबाई वर्षभरातच गेली. मावसबहीण सगुणाबाई क्षीरसागर यांनी त्यांना वाढवले. शूद्राच्या पोराने शिकून काय करायचे, असे कान भरणारे लोक वडिलांना भेटले आणि गोविंदरावांनी मुलाला शाळेतून काढून मळ्यात कामाला लावले. गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या दोन शेजाऱ्यांनी वडिलांची समजूत काढली नसती तर जोतीराव मळ्यातच राहिले असते. १८४१ मध्ये ते स्कॉटिश मिशनच्या शाळेत पुन्हा दाखल झाले. त्याआधी, १८४० मध्ये, नायगावच्या खंडोजी नेवसे पाटलांची नऊ वर्षांची लेक सावित्री त्यांची पत्नी म्हणून घरात आली होती. खंडाळा तालुका हे असे जोतीरावांचे सासर.

पुढचा इतिहास चळवळीला पाठ आहे. १८४८ मध्ये पुण्याच्या भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. पुढच्याच वर्षी या कामापायी पती-पत्नीला वडिलांचे घर सोडावे लागले. अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा निघाल्या. १८५२ मध्ये विश्रामबाग वाड्यात सरकारतर्फे त्यांचा सत्कार झाला. या साखळीतला एक दुवा मात्र घाईघाईत सुटून जातो. १८५५ मध्ये या दांपत्याने शेतकरी आणि मजूर यांच्यासाठी रात्रीची शाळा काढली. दिवसभर घाम गाळून आलेल्या माणसाला अक्षरे कशाला हवीत? पोथी वाचण्यासाठी नव्हे. आपल्या नावापुढे किती दिवस मांडले, किती मजुरी लिहिली आणि हातात किती पडली, हे त्याला स्वतःला वाचता यावे म्हणून. ही गोष्ट लक्षात ठेवावी. आम्ही पुढे तिच्याकडेच येणार आहोत.

चळवळ पोटाला अन्न देत नाही. जोतीरावांनी सरकारी नोकरी धरली नाही, कोणाच्या दक्षिणेवर जगले नाहीत. त्यांनी धातूच्या ओतकामाला लागणाऱ्या साहित्याची विक्री केली, भाजीपाल्याचा व्यापार केला, मांजरीला शेती केली आणि पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत भागीदार होऊन बांधकामाची कंत्राटे घेतली. कात्रजचा बोगदा, येरवड्याचा पूल, खडकवासल्याचे धरण या कामांशी त्यांच्या कंपनीचा संबंध चरित्रकारांनी नोंदवला आहे. खडकवासल्याचे धरण १८६९ च्या सुमारास सुरू झाले आणि १८७९ मध्ये पुरे झाले. ते दगडी धरण आहे. त्यासाठी किती खाणी उपसल्या गेल्या असतील, किती छिन्न्या बोथट झाल्या असतील याची कल्पना धरणाच्या भिंतीकडे पाहूनच येते.

पुणेकर आजही ज्या घाटातून साताऱ्याकडे उतरतात, तो कात्रजचा जुना बोगदा म्हणजे खंडाळ्याच्या वाटेवरचा पहिला डोंगर. तेथून खंबाटकीपर्यंत सगळा सह्याद्रीचा काळा कातळ. हा कातळ फोडणारे हात कोणाचे होते आणि आजही कोणाचे आहेत, हे आमच्या वाचकाला सांगण्याची गरज नाही. घण, सुतकी, छिन्नी आणि पहार ही ज्यांच्या घरातली भांडीकुंडी, तो वडार समाज. त्यांच्या जोडीला महार, मांग, रामोशी आणि दुष्काळाने गाव सोडलेला कुणबी. ज्या समाजाने राजवाडे, मंदिरे, धरणे आणि घाटरस्ते बांधले, त्याच वडारांना इंग्रजी राजवटीत गुन्हेगार जमातींच्या यादीत बसवले गेले. आज महाराष्ट्रात त्यांची गणना विमुक्त जातींत होते.

येथे आमचे काही टीकाकार एक प्रश्न हमखास विचारतात. जोतीराव स्वतः कंत्राटदार, म्हणजे मजुराच्या घामावर नफा कमावणारेच ना? प्रश्न रास्त आहे आणि तो टाळण्याचे कारण नाही. त्यांनी नफा कमावला. तो कोठे गेला हेही उघड आहे: शाळांत, १८६३ च्या बालहत्या प्रतिबंधक गृहात, सत्यशोधक समाजाच्या कामात. पण केवळ दानधर्माने कंत्राटदार मोठा होत नाही. जोतीरावांचे मोठेपण असे की कामाच्या जागी जे पाहिले ते त्यांनी धंद्याची गोष्ट म्हणून झाकून ठेवले नाही. इंजिनियर खात्यातील भट कर्मचारी कशी चंगळ करतात यावर त्यांनी पवाडा रचला. गोऱ्या साहेबाच्या डोळ्यांत धूळ फेकून खालचे नोकर अडाणी मजुराला कसे नाडतात, हे त्यांनी धंद्याच्या आत बसून पाहिले होते आणि ते उघड्यावर मांडले. ज्या खात्याकडून कंत्राट मिळायचे त्याच खात्याचे वाभाडे काढायचे, ही हिंमत आजच्या किती कंत्राटदारांत आहे?

१८७३ मध्ये गुलामगिरी प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. १८७६ पासून काही वर्षे ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतावर हजार रुपये उधळण्याचा ठराव आला तेव्हा विरोध करणारे ते एकटेच होते. तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असे त्यांचे म्हणणे होते. १८७७ च्या दुष्काळात कात्रजच्या पायथ्याशी असलेल्या धनकवडीत त्यांनी उपाशी मुलांसाठी आश्रम चालवला. १८८३ मध्ये शेतकऱ्याचा असूड लिहून त्यांनी दाखवले की सरकारचे प्रत्येक खाते कागदावर चालते आणि ज्याला कागद वाचता येत नाही तो प्रत्येक खात्यात लुबाडला जातो.

आमच्या मते जोतीरावांच्या कंत्राटदारीचे सार एवढेच आहे. मजुराचे शोषण घणाने होत नाही, हजेरीपटाने होते. हजेरीपट ज्याच्या हातात, मजुराचे आयुष्य त्याच्या हातात.

आता दगडाच्या धुळीकडे वळू. जोतीराव खडकवासल्याच्या व्यवहारात होते त्याच सुमारास, १८७० च्या आसपास, तिकडे इटलीत दगडाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या रोगाला सिलिकोसिस हे नाव पडले. रोग मात्र फार जुना. सिलिका हे वाळूत, गारगोटीत आणि बहुतेक दगडांत कमी-अधिक प्रमाणात असणारे खनिज आहे. अखंड दगड कोणाचे वाईट करत नाही. तो फोडला, त्याला भोक पाडले, भरडला किंवा घासला की त्याची धूळ उडते. त्यातली जाड धूळ डोळ्यांना दिसते आणि खाली बसते. घात करते ती न दिसणारी. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, तर हे कण १० मायक्रॉनहून लहान, कित्येक तर ५ हूनही लहान. ते नाकाच्या केसांत अडकत नाहीत, खोकल्याने बाहेर पडत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन रुततात. तेथे जखम होते, जखमेचा व्रण होतो आणि व्रण वाढत जातो. मऊ स्पंजासारखे फुप्फुस हळूहळू निबर होते. काम सोडले तरी रोग थांबेलच असे नाही. फुप्फुस पूर्ववत करणारे औषध आजवर निघालेले नाही.

बहुधा दहा-पंधरा वर्षे धूळ खाल्ल्यावर हा रोग उघडा पडतो. धूळ फार असेल तर काही महिन्यांपासून पाच वर्षांतही माणूस संपतो. चढ चढताना धाप लागते, मग सपाटीवर लागते, मग घोटभर पाणी पिताना लागते. खाणीवरची माणसे म्हणतात, दमा लागला, छाती भरली. सिलिकोसिस झालेल्या माणसाला क्षयरोग लवकर गाठतो आणि एक्स-रेवर दोन्ही रोगांची गल्लत सहज होते. म्हणून डॉक्टर क्षयाच्या गोळ्या सुरू करतो. कोर्स संपतो, पुन्हा सुरू होतो, माणूस मरतो. मृत्यूच्या कागदावर क्षयरोग लिहिला जातो. क्षय जंतूने होतो, त्याला मालक जबाबदार नसतो. सिलिकोसिस कामाने होतो, त्याला मालक जबाबदार असतो. एका शब्दाच्या फरकाने मालक सुटतो आणि विधवा उघडी पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये ही धूळ माणसात कर्करोग घडवणारी असल्याचेही जाहीर केले.

काही शहाणे सांगतात की आमच्या सह्याद्रीच्या काळ्या दगडात मोकळी सिलिका थोडी असते, तेव्हा घाबरण्याचे कारण नाही. पहिला भाग खरा आहे. राजस्थानच्या वालुकाश्माशी किंवा गारेच्या दगडाशी तुलना केली तर आमच्या कातळात ती बरीच कमी आहे. दुसरा भाग मात्र खरा मानता येत नाही. याच कातळाच्या पोकळ्यांत गारगोटी आणि स्फटिक भरलेले असतात. बोगद्यात केवळ कातळ नसतो, भिंतीवर मारले जाणारे काँक्रीटही असते. सातारा, सांगली, कोल्हापूरच्या फौंड्र्यांत साचे वाळूचे असतात आणि ती वाळू म्हणजे सिलिकाच. शिवाय हा मजूर आयुष्यभर एकाच दगडावर राहत नाही. आज खंडाळ्यात, उद्या कर्नाटकात, परवा राजस्थानात. तेव्हा दगडाच्या जातीवर भरवसा ठेवू नका, हवेतली धूळ मोजा. आमच्या कारखाने कायद्याच्या परिशिष्टात तिची मर्यादा ठरवून दिली होती. धूळ निव्वळ गारेची असेल तर एक घनमीटर हवेत साधारण एक दशांश मिलिग्रॅम. अमेरिकेने २०१६ मध्ये आपली मर्यादा त्याच्याही निम्म्यावर आणली. पण जेथे मोजणारे यंत्रच कधी पोचत नाही, तेथे मर्यादा दशांश असो की शतांश, मजुराला फरक पडत नाही.

बोगद्यात काय होऊ शकते याचा धडा अमेरिकेने फार महागात शिकला. १९३० ते १९३१ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया राज्यात हॉक्स नेस्ट नावाचा बोगदा खोदला गेला. दगड जवळजवळ निव्वळ सिलिकाचा. काम लवकर उरकावे म्हणून पाणी न मारता कोरडीच भोके पाडली गेली. कामावरचे बहुसंख्य मजूर दक्षिणेकडून पोटासाठी आलेले काळे लोक होते. शेकडो माणसे मेली. एका मोजणीत ४७६, पुढच्या अभ्यासात ७६४. नेमका आकडा आजही कोणाला सांगता येत नाही, कारण मजूर आले तसे पांगले आणि कुठे मेले याची नोंद कोणी ठेवली नाही. तिकडे वर्ण, इकडे जात. धूळ मात्र दोन्हीकडे तळाच्याच माणसाच्या वाट्याला येते.

आमच्या देशातले उदाहरण तर जोतीरावांच्या अनुयायांच्या काळजाला भिडावे असे आहे. मध्य प्रदेशातील मंदसौर येथे पाटीवर लिहिण्याच्या पेन्सिली बनवण्याचा धंदा होता. दगडाच्या कांड्या यंत्रावर कापायच्या आणि धूळ छातीत घ्यायची. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्थेने तपासणी केली तेव्हा तपासलेल्या कामगारांपैकी निम्म्याहून अधिकांना सिलिकोसिस निघाला. पाटी-पेन्सिल हातात घेऊन बहुजनांची पोरे अक्षर गिरवायला लागली, ती जोतीराव-सावित्रीबाईंमुळे. त्या पेन्सिली कापणारा बाप तिशी-चाळिशीत धाप लागून मरत होता. मात्र याच ठिकाणी धूळ ओढून घेणारी यंत्रे बसवल्यावर हवेतली धूळ मोठ्या प्रमाणात घटल्याचेही दिसून आले. म्हणजे हे मरण कपाळावर लिहिलेले नव्हते. यंत्राचा खर्च वाचवणाऱ्याने ते लिहिले होते.

जोतीरावांचा वारसा कामगारांच्या लढ्यात प्रथम चालवला तो त्यांचे सत्यशोधक सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी. दीनबंधू पत्र त्यांनी १८८० पासून मुंबईतून चालवले, १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेऊन साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारच्या आयोगापुढे ठेवला आणि १८९० मध्ये आठवड्याची सुट्टी मिळवून दिली. दुसरा टप्पा परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा. जोतीरावांना गुरू मानणाऱ्या बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी हे त्याच खटाव तालुक्यातील गोरेगावला, दुष्काळी कामावरच्या तलावाच्या खोदाईवर, खजिनदार होते. भुकेल्या मजुरांच्या मजुरीचा पैसा ज्याच्या हातून वाटला जातो अशा माणसाच्या घरात बाबासाहेब वाढले. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः खाली उतरले. १९४४ मध्ये कोळसा खाण कामगारांसाठी कल्याण निधी उभा राहिला. १९४५ मध्ये त्यांच्याच खात्यात कारखान्यांच्या मुख्य सल्लागाराचे कार्यालय स्थापन झाले. कामगारांची सुरक्षा आणि आरोग्य पाहणारी केंद्र सरकारची आजची यंत्रणा त्यातूनच वाढली. आठ तासांचा दिवस सर्वांना आठवतो. धुळीवर नजर ठेवणारे हे कार्यालय मात्र आम्ही विसरलो.

आज परिस्थिती काय आहे? १९४८ चा कारखाने कायदा जाऊन २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी व्यवसाय सुरक्षा संहिता अमलात आली. सिलिकोसिस हा कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत तिच्यातही आहे. कामगारांच्या मोफत वार्षिक तपासणीची तरतूदही आहे. पण वीज वापरणारा कारखाना म्हणून मोजण्यासाठी पूर्वी १० कामगार पुरत, आता २० लागतात. खडीकेंद्रावर किती माणसे असतात? बारा, पंधरा. त्यातही निम्मी कागदावर नसतात. कायद्याच्या दारात जाण्यापूर्वीच दार अरुंद झाले.

बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या यादीत दगड कापणे, फोडणे आणि त्याचा बारीक चुरा करणे ही कामे आहेत. म्हणजे वडारवस्तीतला प्रत्येक फोड्या तेथे नोंदणीस पात्र आहे. अट अशी की वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला हवा. हा दाखला द्यायचा कोणी? ठेकेदाराने. नुकसानभरपाई मागायची तर रोग कामावर जडला हे सिद्ध करायचे. पुरावा कोणाजवळ? ठेकेदाराजवळ. मुकादम बदलतो, ठेकेदार बदलतो, पोटठेकेदाराचे नावसुद्धा मजुराला ठाऊक नसते. जोतीरावांच्या काळातला हजेरीपट आजही तसाच आहे. तेव्हा त्यात मजुरी बुडत होती, आज त्यात मरण बुडते.

लढले तर मिळते, हेही विसरू नये. झाबुआ, अलिराजपूर, धार या भागातील आदिवासी गुजरातमधील गोध्रा परिसरात गारेचा दगड दळण्याच्या कारखान्यांत गेले आणि छातीत दगड घेऊन परतले. मानवी हक्क आयोगाकडे आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात लढा गेला. २०१६ मध्ये न्यायालयाने मृत २३८ कामगारांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याचा आदेश गुजरात सरकारला दिला. राजस्थान सरकारने २०१९ मध्ये सिलिकोसिसचे स्वतंत्र धोरण केले. त्यात रोग प्रमाणित झाल्यावर ३ लाख आणि मृत्यूनंतर वारसांना २ लाख अशी तरतूद झाली. तेथे हे झाले, कारण गावागावांतील संघटनांनी याद्या केल्या. कोण कोठे, किती वर्षे कामाला होता, हे सरकारने लिहिले नव्हते, कार्यकर्त्यांनी लिहून काढले.

मग आम्ही काय करायचे? पहिली गोष्ट धुळीची. भोक पाडताना पाणी सोडले, खडीच्या यंत्रावर फवारा ठेवला, यंत्र झाकून धूळ ओढून घेतली, कोरडा झाडू न मारता ओला मारला, तर बहुतांश धूळ हवेत उडतच नाही. अंगावरचे कपडे हवेच्या नळीने झटकू नयेत आणि तेच कपडे घालून लेकराला कडेवर घेऊ नये. नाकाला बांधलेला रुमाल ही बारीक धूळ अडवत नाही. मुखवटा द्यायचा तर बारीक कण अडवणारा आणि तोंडाला घट्ट बसणारा द्यावा, तोही पाणी आणि झाकण यांच्या जोडीला, त्यांच्याऐवजी नव्हे. कामावर गूळ वाटून छाती साफ होते ही समजूत तर सोडूनच द्यावी. गूळ पोटात जातो, फुप्फुसात रुतलेला कण त्याने निघत नाही. स्वस्तातला गूळ देऊन महागडे यंत्र टाळण्याची ती युक्ती आहे.

दुसरी गोष्ट कागदाची. मजुराने आपली वही आपण ठेवावी: कोणत्या तारखेपासून, कोणत्या खाणीवर, कोणाच्या हाताखाली. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराने लिहावी. दवाखान्यात गेल्यावर मी दगडावर काम करतो हे डॉक्टरला पहिल्याच वाक्यात सांगावे आणि केसपेपरवर ते लिहून घ्यावे. क्षयाचा कोर्स दोनदा होऊनही धाप जात नसेल तर सिलिकोसिसची तपासणी मागावी. आमच्या शाखांनी, वस्तीतल्या मंडळांनी जयंतीच्या वर्गणीची पावतीपुस्तके छापताना एक वही या नोंदीसाठीही घालावी. रात्रीची शाळा जोतीरावांनी कशासाठी काढली होती, त्याचे उत्तर या वहीत आहे.

तिसरी गोष्ट बोलायला अवघड आहे, म्हणूनच बोलली पाहिजे. आज आमच्यातलीही पोरे ठेकेदार झाली आहेत. कोणाचा जेसीबी आहे, कोणाचे डंपर, कोणी खडीकेंद्रात भागीदार, कोणी मोठ्या कंपनीचा पोटठेकेदार. त्यांच्या प्रगतीचा आम्हाला आनंदच आहे. त्यांच्या कार्यालयात जोतीरावांची तसबीर असते, तिला हारही पडतो. त्यांना आमचा सवाल आहे. तुमच्या कामावर पाण्याचा फवारा चालतो का? तुमच्या हजेरीपटावर शेवटच्या मजुराचे नाव आहे का? ९० दिवसांचा दाखला तुम्ही मागितल्याबरोबर देता, की त्याला चार हेलपाटे घालायला लावता? मनुवादी ठेकेदाराला जाब विचारण्यापूर्वी आमच्या ठेकेदाराने हे तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. कारण जोतीराव तुमच्याच धंद्यात होते.

११ मे १८८८ रोजी मुंबईच्या जनतेने जोतीरावांना महात्मा म्हटले. त्याच वर्षी त्यांना पक्षाघात झाला आणि उजवे अंग निकामी झाले. कंत्राटदारीतला पैसा केव्हाच चळवळीत संपला होता. तरीही ते थांबले नाहीत. डाव्या हाताने त्यांनी सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक लिहून पुरे केले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले. पुढे १८९७ च्या प्लेगने ९ फेब्रुवारीला लोखंडे आणि १० मार्चला सावित्रीबाई अशी दोन माणसे एका महिन्याच्या अंतराने नेली. खंडाळा तालुक्याची ती लेक प्लेगच्या रोग्याची सेवा करता करता गेली. दुसऱ्याच्या रोगापासून स्वतःला वाचवण्याचा विचार त्या घरात कोणी केला नाही.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी १९९५ मध्ये निर्धार केला होता की २०३० पर्यंत जगातून सिलिकोसिस हद्दपार करायचा. ते साल आता दारात आले आहे. महाराष्ट्राच्या सरकारने खडीकेंद्रे, खाणी, बोगदे आणि फौंड्र्या यांची धूळ मोजावी, तो आकडा कामाच्या जागी मराठीत लावावा आणि क्षयरोगाच्या नोंदवहीत रुग्णाचा व्यवसाय लिहिण्याची सक्ती करावी. सरकार करील तेव्हा करील. एखाद्या वडारवस्तीत जाऊन गेल्या दहा वर्षांत किती कर्ते पुरुष धाप लागून मेले, हे घरोघर विचारून लिहून काढायला मात्र कोणाच्या परवानगीची गरज नाही. एक वही आणि एक पेन्सिल पुरे.